गायधनीबाईंचा गुरुवार

इंदिरा गायधनी यांच्याकडे जायचं म्हणजे दोन तास मोडले, हे आमच्या न्यासातल्या सगळ्यांना पाठ होतं. निरोप द्यायला जा, पाकीट द्यायला जा, नुसती दारात उभं राहून सही घ्यायला जा, बाई आधी पाणी आणणार, मग चहा, मग "अळूवडी खातेस ना?" असं म्हणत फ्रीज उघडणार. आपण चपला घातल्या तरी जिन्याच्या कठड्याला धरून एक शेवटची गोष्ट सांगणार, आणि ती शेवटची गोष्ट अर्धा तास चालणार. मी स्वतः तीनदा तरी गॅसवर दूध ठेवून आलेय अशी थाप मारून तिथून सुटले आहे. आज लिहिताना त्याची लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

बाई एकाहत्तर वर्षांच्या. गंगापूर रोडला, आकाशवाणी टॉवरच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट. मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या नाशिकच्या कितीतरी मुलींनी त्यांच्या हातची टपली खाल्ली आहे. लग्न केलं नाही. का, ते विचारायची माझी छाती झाली नाही, आणि हजार गोष्टी सांगणाऱ्या बाईंनी तेवढी एक कधी सांगितली नाही. आईवडील गेले, भाऊ गेला, आणि भावाचा मुलगा विहंग कॅनडात. तो दर रविवारी फोन करतो, नेमाने करतो, पण त्याच्या फोनमध्ये मागे सतत भांडी नाहीतर गाडी वाजत असते. इमारतीत बारा फ्लॅट, त्यातले सात कुलूपबंद. मीटर बघायला येणाऱ्या माणसालाही बाई खुर्ची देतात.

स्वतः चित्रं काढायच्या. चाळीस वर्षं गोदावरीचा घाटच काढला, जलरंगात. नाशिकमधल्या निम्म्या दंतवैद्यांच्या भिंतीवर बाईंची गोदावरी आहे, आणि तोंड उघडं ठेवून पडलेल्या पेशंटखेरीज ती कुणी नीट बघितलेली नाही. हा विनोद माझा नव्हे, बाईंचाच. स्वतःच्या चित्रांबद्दल त्यांना काही भ्रम नव्हता. "माझा हात चांगला आहे मीना, नजर बेताची आहे," असं त्या सरळ सांगायच्या. दुसऱ्याची नजर मात्र त्यांना एका कागदावर कळायची, म्हणून तर आम्ही त्यांना मार्गदर्शक केलं.

आमचा न्यास छोटा आहे. नाशिकच्याच एका बाईने मरताना आपलं घर आणि ठेवी त्यासाठी ठेवल्या. तिशी उलटलेल्या, कुणी न शिकवलेल्या, संसारातून वेळ काढून काही घडवणाऱ्या बायकांना दरवर्षी अनुदान द्यायचं, आणि वर्षभर प्रत्येकीला एक जाणतं माणूस जोडून द्यायचं. अध्यक्ष गंगाधरराव, निवृत्त वकील, स्वभावाने सज्जन आणि नियमाने दगड. मी सचिव. सचिव म्हणजे पत्रं टाइप करणारी, चहा मागवणारी आणि दोन्हीकडून बोलणी खाणारी.

तीन वर्षांपूर्वी आम्ही गायधनीबाईंना हर्षाली जोडून दिली.

हर्षाली कळवणकडची, लग्न होऊन देवळाली कॅम्पात आलेली. नवरा राकेश फौजी कपडे शिवायच्या दुकानात कारागीर. ती गणपतीच्या कारखान्यात आखणीला, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायला. बारा हंगाम तेच काम. कुणी अंगाचा रंग मारते, कुणी शेला, कुणी दागिने, आणि सगळ्यांचं झालं की मूर्ती हर्षालीपुढे येते. दिवसाला चाळीस जोड डोळे. घरी आली की ती कागदावर कारखान्यातल्या बायका काढायची. ओळीने बसलेल्या, पाठीला बाक आलेला, कोपरापर्यंत रंग, कुणी डबा उघडलेला, कुणी चिडलेली, कुणी पेंगलेली. निवडीच्या वेळी ती चित्रं बघून मी चष्मा पुसला होता. आणि त्यातल्या एकाही बाईला डोळे नव्हते.

पहिल्या दिवशी बाईंनी तेच विचारलं. "डोळे कुठायत?"

"काढले नाय," हर्षाली म्हणाली.

"ते दिसतंय मला. का काढले नाहीस?"

"आमच्या कारखान्यात गिऱ्हाईक ठरल्याबिगर डोळे काढत नाय, बाई. डोळे काढले की तो बघाया लागतो. मग इकला नाय तर त्याला वरीसभर पोत्याखाली कसं ठेवायचं? आंधळा असला तर ठेवता येतो. ह्या बायका पण माझ्या पेटीतच पडून ऱ्हायच्या हायेत. कोण नेणार ह्यांना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत बाई ऑफिसात हजर. मला वाटलं तक्रार आहे. खुर्चीवर बसल्या, पदराने मान पुसली आणि म्हणाल्या, "मीना, मी चौतीस वर्षं मुलींना सांगत आले, आधी डोळे साधा, बाकी माणूस मागून येतं. आणि ही बाई डोळे न काढता माणूस उभं करते. मानेवरनं कळतं ती कुठे बघतेय ते. मी काय शिकवणार हिला?" एवढं बोलून दोन कप चहा प्याल्या. त्या दिवशी मी दुधाची थाप मारली नाही, कारण मलाही ऐकायचं होतं.

शिकवलं मात्र बाईंनी भरपूर. कागद कुठला घ्यायचा, तो ताणायचा कसा, रंगाचा पातळ हात देऊन थांबायचं कसं. थांबणं हर्षालीला येतच नव्हतं. चाळीस जोड काढणारीला ते कुठून येणार. राकेशच्या दुकानाला गुरुवारी सुट्टी, तो घरी लेकीकडे बघायचा, म्हणून गुरुवार ठरला. हर्षाली साडेदहाच्या बसने यायची आणि चारला निघायची.

बाई बुधवारी संध्याकाळीच भाजी निवडायला घ्यायच्या. कळवणकडच्या माणसाला काय आवडतं याची चौकशी त्यांनी भाजीवाली मंगलाबाईकडे केली होती, आणि तिने जे सांगितलं ते जन्मात पहिल्यांदा करून बघितलं होतं. पहिली कळण्याची भाकरी तव्यालाच राहिली म्हणे. जेवण झालं की हर्षाली दिवाणावर आडवी व्हायची. पहाटे चारला उठलेली बाई, पंखा लागला की डोळा लागायचाच. अर्धा तास ती झोपायची, आणि बाई समोर खुर्चीत नुसत्या बसायच्या. पेपर उलटायच्या नाहीत, आवाज होईल म्हणून. "घरात कुणीतरी झोपलंय, एवढंच," त्या मला म्हणाल्या होत्या. "मला तो अर्धा तास सगळ्यात आवडतो गं." मी हसले होते. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

त्या वर्षात एक गोष्ट माझ्या लक्षात आली, पण मी ती मनावर घेतली नाही. बाई ऑफिसात कमी यायला लागल्या. जिन्यावरच्या शेवटच्या गोष्टी आखडल्या. मला वाटलं, बरं झालं, सुटलो.

वर्ष भरत आलं की मार्गदर्शकाने अहवाल द्यायचा असतो. एका कागदावर तीन चौकोन. "मार्गदर्शन पूर्ण", "एक वर्ष मुदतवाढ" आणि "बंद". खाली चार ओळी कारण. ज्यांचं पूर्ण, त्यातल्या एकीला आम्ही बडोद्याच्या एका संस्थेत आठ महिन्यांसाठी पाठवतो. राहायला खोली, कामाला मोठं दालन, आणि शेवटी प्रदर्शन. त्या वर्षी ती जागा हर्षालीची, यात कुणालाच शंका नव्हती. कळवणहून तिची आई यायची ठरली होती लेकीसाठी. राकेशने तिच्यासाठी जाड कापडाची, फौजी शिलाईची एक पिशवी शिवून ठेवली होती, आत चित्रांच्या गुंडाळ्या उभ्या राहतील अशी. हर्षालीने मला ती फोनवर फोटो काढून दाखवली. बारा वर्षं डोळे काढून झाल्यावर तिला पहिल्यांदाच कुठेतरी जायचं होतं, आणि ते जाणं बाईंच्या एका खुणेवर होतं.

मार्चमध्ये बाईंचा अहवाल आला. खूण मधल्या चौकोनात होती. मुदतवाढ.

खाली बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "रेषा व रंगावर प्रभुत्व आहे. तथापि चेहरे अपुरे आहेत. नेत्र रेखाटनाअभावी व्यक्तिचित्रे पूर्ण म्हणता येत नाहीत. आणखी एक वर्ष मार्गदर्शन आवश्यक."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तथापि म्हणे! ज्या डोळ्यांसाठी ही बाई माझ्या ऑफिसात नाचत आली होती, तेच डोळे तिने कारण म्हणून लिहावेत? मी फोन उचलला आणि परत ठेवला. हे फोनवर बोलण्यासारखं नव्हतं, घरी जाऊन विचारायला हवं होतं. आणि घरी जायचं म्हणजे दोन तास मोडले. उद्या जाऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी बँकेत काम निघालं, तिसऱ्या दिवशी इगतपुरीला बहिणीकडे जायचं होतं. शनिवारी बैठक झाली. गंगाधररावांनी चष्म्यातून अहवाल वाचला, "मार्गदर्शकांचं मत अंतिम" म्हणाले आणि सही केली. मी तिथे बसले होते, तोंड होतं मला. मी तेवढी माहितीपत्रकं मोजत राहिले.

माझं घर बाईंच्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटांवर आहे. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

हर्षालीला पत्र गेलं. तिचा फोन आला तेव्हा मी घाबरूनच उचलला, पण ती रडत-बिडत नव्हती. "अपुरं हाय म्हणत्यात बाई, तर असंल," म्हणाली. "बाईंना कळतं. त्या माझ्या वाईटावर थोड्याच हायेत." मग म्हणाली, "पुढच्या वर्षी जाता येईल ना ताई बडोद्याला?"

मी हो म्हणाले. हो म्हणाल्यावर मला आठवलं.

बडोद्याला वयाची अट आहे. चाळीस पूर्ण झालेली चालत नाही. हर्षालीला डिसेंबरात चाळीस पूर्ण होत होती.

पुढच्या गुरुवारी दुपारी बाईंचा फोन आला. "मीना, ये," एवढंच. तिसरा शब्द नाही. मी स्कूटरवरून जाताना मनात नाही नाही ते आलं.

दार उघडंच होतं. हर्षाली येऊन, जेवून, निघून गेली होती. दिवाणावर, खुर्च्यांवर, जमिनीवर तिची अकराच्या अकरा चित्रं मांडलेली होती, आणि सगळ्या बायकांना डोळे काढलेले होते. बाईंना अपुरं वाटलं ना, मग पोरीने तीन रात्री जागून पुरं करून आणलं होतं.

आणि डोळे कसले? बारा हंगाम जो हात एकच डोळा काढत आला, त्याला दुसरा कुठून येणार? लांबट, शांत, पापणीची कड वर गेलेली, बुबुळाखाली पांढरा ठिपका. गणपतीचे डोळे. चिडलेल्या बाईला तेच, पेंगलेलीला तेच, डबा उघडून बसलेलीलाही तेच. अकरा दमलेल्या बायका होत्या, आता अकरा मुखवटे झाले होते. जलरंग तो, खोडता येत नाही.

बाई मोरीच्या दाराशी स्टुलावर बसल्या होत्या. "खूश होऊन गेली," त्या म्हणाल्या. "आता बरोबर झालं ना बाई, म्हणाली. मी हो म्हणाले."

"तुम्ही असं का लिहिलंत?" मी विचारलं. आवाज चढला माझा.

बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. "मला गुरुवार सोडवेना," म्हणाल्या. "एकच वर्ष, असं मनाशी म्हटलं. एका वर्षाने काय बिघडतंय? जायचं ते पुढच्या वर्षी जाईल. तोवर माझं पण काय, असले-नसले. कारण काहीतरी लिहायला हवं होतं, तर दुसरं सापडेना. दोष असता तर दोष लिहिला असता. चित्रात दोषच नव्हता गं, म्हणून डोळे लिहिले."

मग मी त्यांना वयाची अट सांगितली. मला त्या बाईला दुखवायचं होतं, खोटं कशाला बोलू, म्हणून सांगितली. त्या एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या. चाळीस पूर्ण म्हणजे नेमकं कधी धरतात, जन्मतारीख शाळेची धरतात का, असं पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या.

त्यानंतर अडीच महिने आम्ही धडपड केली. बाईंनी अहवाल चुकला म्हणून लेखी दिलं. गंगाधररावांना ते पटलं, पण नियमात परत फिरायची वाटच नव्हती; तरी त्यांनी बडोद्याला स्वतः दोनदा फोन केले, हे त्यांचं मोठेपण. तिथली जागा तोवर दुसऱ्या कुणाला गेली होती. चित्रांचे नवे फोटो पाठवा, बघू, असं तिथल्या बाईंनी सौजन्याने सांगितलं. नवे फोटो म्हणजे डोळ्यांसकट. ते पाठवले, आणि काही उत्तर आलं नाही.

त्या काळात बाईंनी हर्षालीला येऊ दिलं नाही. बरं वाटत नाही म्हणून सांगायच्या. ज्यासाठी एवढं केलं ते आपल्याला मिळता कामा नये, असा काहीतरी हिशोब त्यांच्या डोक्यात असावा. हर्षालीला बिचारीला वाटे, डोळे चुकले म्हणून बाई रागावल्या. मला फोन करून विचारायची, "परत काढू का ताई दुसरे? सांगा ना त्यांना." आणि बाई गुरुवारी दार लावून बसायच्या. आता मी जायला लागले होते. जाऊन बसायची दोन-दोन तास, पण त्या बोलायच्याच नाहीत. चहा ठेवायच्या आणि माझ्याकडे न बघता विचारायच्या, "तुझं काम नाही का?"

जूनमध्ये एकदा मी गेले तर बाई इस्त्रीची साडी नेसून तयार होत्या. "कॅम्पात जायचंय," म्हणाल्या. "मला तिला तोंडाने सांगायचंय. ऑफिसमार्फत नको." माझ्या स्कूटरवर मागे बसायची त्यांची हिंमत नव्हती, म्हणून बसने गेलो. एका वर्षात हर्षाली त्या बसने पन्नासेक वेळा आली होती. बाई त्या रस्त्याने पहिल्यांदाच जात होत्या आणि प्रत्येक थांब्याचं नाव विचारत होत्या.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. हंगाम सुरू झालेला. दारापासून भिंतीपर्यंत गणपती, आणि त्यांच्यामध्ये बायका. मी त्यांना ओळखत होते, हे मला आत पाऊल टाकल्यावर कळलं. ती पेंगणारी, ती डबेवाली, ती चिडकी, सगळ्या तिथे होत्या, आणि प्रत्येकीचे डोळे वेगळे होते. लांब तोफांचा सराव चालू होता, पत्रा मधूनच थरथरायचा, आणि कुणी मान वर करत नव्हतं. बाई मात्र दर आवाजाला दचकत होत्या.

हर्षाली अगदी शेवटी, दाराच्या उजेडात बसली होती. आम्हाला बघून तिचा चेहरा फुलला. उठायला लागली, पण तिच्या हातात ब्रश होता आणि मूर्तीचा एक डोळा झाला होता. तो अर्धा सोडून उठता येत नाही. "बसा ना बाई," म्हणाली, आणि पायाने एक पाट सरकवला.

बाई बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. चित्रं अपुरी नव्हती, पहिल्या दिवसापासून नव्हती. मी खोटं लिहिलं. तू गेलीस तर माझ्याकडे कुणी येणार नाही, म्हणून लिहिलं. तुझं बडोदं माझ्यामुळे गेलं, आता वयामुळे पुढेही मिळायचं नाही. डोळे काढायला नको होते, ते माझ्यामुळे काढलेस. बोलताना त्यांचा आवाज शाळेत हजेरी घेतल्यासारखा सपाट होता. मी दुसरीकडे बघत होते. शेजारच्या दोघींचे हात थांबले होते.

हर्षालीचा हात थांबला नाही. दुसऱ्या डोळ्याची वरची कड तिने एका दमात ओढली, मग बुबुळ भरलं. पांढरा ठिपका द्यायला बारीक ब्रश घेतला, दिला, आणि मूर्ती हलकेच वळवून दोन्ही डोळे सारखे झालेत का ते बघितलं. त्यानंतर ती बोलली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"एकटं वाटत व्हतं तर तसं म्हणायचं ना, बाई. मी आले असते की. चित्राबिगर पण आले असते."

बाईंनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

हर्षालीने पुढची मूर्ती ओढून घेतली. "जरा बाजूला व्हा," ती म्हणाली, "उजेड अडतोय."

आम्ही बाजूला झालो.